शेवटच्या महिन्याचं तेल

वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारात आमचं तेलाचं दुकान आहे. आजोबांचा घाणा होता. वडिलांनी तो मोडून पत्र्याचे डबे आणले. मी दुकानावर बसायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं, पिशव्यांतलं तेल यायला लागलं होतं, तरी आमच्याकडे लोक बाटली घेऊनच यायचे. कुणाला कोणतं तेल लागतं हे मला विचारावं लागत नसे. बाळाला चोळायला तिळाचं, म्हाताऱ्या गुडघ्यांना मोहरीचं, बैलाच्या सोललेल्या खांद्याला करंजाचं, भाजीला जवसाचं किंवा शेंगदाण्याचं. बाळंतिणीच्या घरून कुणी आलं तर आई आतून म्हणायची, "त्याले आधी दे रे, बाकीचे थांबतीन."

अशा घरात माझ्या बायकोला एकदा वाटीभर तेल आणि माझे हात लागणार होते. तेलाची कमी नव्हती.

लग्नाला वर्ष झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिची आई ती लहान असतानाच वारली होती. आर्वीकडच्या एका गावात भाऊ, वहिनी आणि त्यांची कपाशीची शेती, एवढंच तिचं माहेर. म्हणून तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "मी इथंच राहीन. सेवाग्रामचा दवाखाना जवळ आहे. वहिनीच्या मांग पऱ्हाटीचं काम, ते बिचारी माझं कवा करन?" आईनंही फार ताणलं नाही. "राह्य. रीत काय काळ्या दगडावरची रेघ आहे का," म्हणाली. म्हणजे सगळं ठरलेलं होतं, आणि कुणाचीच हरकत नव्हती.

आठवा महिना सरत असताना आम्ही सेवाग्रामला तपासणीला गेलो. बायका आत आणि नवरे बाहेर कडुलिंबाखाली, अशी तिथली वाटणी होती. मीही बाकावर बसून होतो. आतून सिस्टर आली आणि माझ्या बायकोचं नाव घेऊन म्हणाली, "यांचे मालक कोण? बाईंनी आत बोलावलं."

शेजारचा एक जण म्हणाला, "जा बापा, तुमालेबी तपासून राह्यले." सगळे हसले. मीही हसत उठलो.

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. आमच्या भागातल्या नव्हत्या. मराठी जपून, शब्द निवडून बोलत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगायला सुरुवात केली. पहिलटकरणीला बाळ बाहेर येताना खालची जागा फाटण्याची भीती जास्त असते. योनी आणि शौचाची जागा यांच्या मधला तो भाग. शेवटच्या महिन्यात तिथं तेलाचा हात लावून तो भाग हळूहळू ताणायची सवय केली, तर फाटणं आणि टाके थोडे कमी होतात. त्यांनी स्वतःच्या अंगठा आणि तर्जनीमधली कातडी धरून दाखवली: अंगठा थोडासा आत, मग खाली आणि दोन्ही बाजूंना, सावकाश. चुरचुरेल, ताण जाणवेल, पण दुखता कामा नये. आठवड्यातून एकदोनदा पुरे. नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले. अंगावरून पाणी जायला लागलं किंवा तिथं काही जखम असली, तर करायचं नाही.

"फाटणारच नाही, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "शक्यता कमी होते."

माझी बायको लक्ष देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "तेल कोणतं?"

"साधं, स्वच्छ, वास न घातलेलं. खोबऱ्याचंसुद्धा चालेल."

"तेलाचं काही टेन्शन नाई मॅडम. दुकानच आहे आमचं." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "माह्या हातानं होईन का?"

"आता पोट आडवं येतं. जमलं तर करा. पण यांनी केलं तर बरं पडेल. म्हणून तर यांना आत बोलावलं."

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. माझ्यासमोर वजनाचा काटा होता. मी त्याच्याकडे पाहत मान हलवली. दुकानात मी कुणाशीही तासभर हुज्जत घालू शकत होतो. तिथं मला "हो" एवढा शब्दसुद्धा काढता आला नाही.

वर्ध्याहून परतताना बस रिकामीच होती. तिनं खिडकी लावून घेतली आणि हळूच म्हणाली, "अवो, ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं."

"मंग?"

"मंग काय. पाहू."

"पाहू नोका," ती म्हणाली, "करा." आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसली. मला आजही तिचं ते हसणं आठवतं. तिला लाज नव्हती असं नाही. तिनं ती बाजूला ठेवली होती, कारण तिला आई नव्हती, आणि जी भीती मुली आईला सांगतात, ती ही मला सांगत होती. हे मला तेव्हा कळलं नाही.

आमचं घर दुकानाच्या मागेच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गुरुवारी दुपारी आई भजनाला जायची आणि मी दुकानाला फळ्या लावून जेवायला आत यायचो. तिनं तोच दिवस धरला. मी जेवून उठलो तेव्हा आतल्या खोलीत जुनी चादर अंथरलेली होती, वाटीत खोबऱ्याचं तेल कोमट करून ठेवलं होतं, आणि ती ब्लेड घेऊन बसली होती.

"या, बसा. हात द्या."

तिनं माझी नखं कापली. एकेक बोट धरून, कड राहिली का हे स्वतःच्या गालावर घासून पाहत. "इतके मऊ हात आहेत तुमचे," म्हणाली. "तेलवाल्याचे शोभते." मग मला मोरीवर पाठवलं. मी साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. खोलीत खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. ती भिंतीला उशी लावून टेकली होती, गुडघे उभे करून, लुगड्याच्या निऱ्या वर घेतलेल्या. पावणेदोन वर्षांच्या संसारात मी तिला उजेडात असं कधी पाहिलं नव्हतं. अंधारात सगळं जमत होतं. उजेडात मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना.

मी वाटीत बोटं बुडवली. तेवढ्यात दुकानाच्या फळ्यांवर कुणीतरी थाप मारली. "शेठ, अवो शेठ. तेल पायजे होतं."

दुकान बंद होतं. आमच्या गावात दुपारी बंद दुकानावर थाप मारणारा माणूस थोडा वेळ थांबतो, बिडी ओढतो, नाहीतर पुढच्या दुकानात जातो. हे मला माहीत होतं आणि तिलाही.

"जाऊ द्या त्याले," ती म्हणाली.

"येतोच," म्हणून मी उठलो.

त्या माणसाला बैलाला लावायला करंजाचं तेल हवं होतं. मी ते दिलं. मग त्याच्या बैलाच्या खांद्याची चौकशी केली. कसं लावायचं, हात कसा हलका ठेवायचा, माशा बसू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो गेल्यावर मी एक डबा पुसला. मग दुसरा पुसला. आत गेलो तेव्हा चादर घडी करून ठेवलेली होती आणि ती चुलीपाशी काहीतरी निवडत बसली होती. मला म्हणाली, "चहा ठेवू का?"

संध्याकाळी आई भजनाहून आली, तेव्हा बायकोनं तीच वाटी घेतली आणि आईचे गुडघे चोळून दिले. आई डोळे मिटून म्हणाली, "सून असावं तं असं." मी दारात उभा होतो. तिनं वर पाहिलं नाही.

त्यानंतर ती काही बोलली नाही. मी बोलावं म्हणून थांबली असणार. पुढच्या गुरुवारी मी निरोप पाठवला की माल उतरवायचा आहे, डबा दुकानातच पाठवून दे. माल नव्हता. मी फळ्या लावून आत अंधारात बसलो आणि डब्यातली भाजी-भाकरी खाल्ली.

मी कशाला भीत होतो, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. किळस नव्हती, हे मी खरं सांगतो. दुखवीन अशी थोडी भीती होती. पण खरी भीती वेगळीच होती. हे बायकांचं काम आहे, आणि मी ते केलं हे कुणाला कळलं तर काय, ही भीती. कळणार कुणाला होतं? तिच्याशिवाय कुणालाच नाही. तरीही मला त्या कडुलिंबाखालच्या नवऱ्यांचं हसणं ऐकू यायचं.

मग मी जे केलं ते अजून वाईट. मी आईजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, पहिलं बाळंतपण आहे. लोक काय म्हणतीन? तिले माहेरीच पाठवू." आईला आश्चर्य वाटलं, पण रीतीच्या बाजूनं बोलणाऱ्या मुलाला कोणती आई अडवते? मी आर्वीकडे जाणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर मेहुण्याला निरोप धाडला. तो बिचारा दोन दिवसांत न्यायला आला.

ती सामान बांधत असताना मी तेलाच्या दोन बाटल्या नेऊन ठेवल्या. म्हणालो, "बाळाले मालिश करायले. तिळाचं आहे, घरचं." तिनं बाटल्यांची बुचं घट्ट आहेत का पाहिलं, फडक्यात गुंडाळल्या आणि म्हणाली, "रीत तुमाले आज आठवली."

एवढंच. मेहुणा बाहेर बसला होता, म्हणून मीही काही बोललो नाही. तो नसता तरी बोललो नसतो.

मुलगी तिकडच्याच दवाखान्यात झाली. निरोप आला की दोघी बऱ्या आहेत, बाळ चांगलं मोठं आहे. मी बाजारात बर्फी वाटली. आठवड्यानं गेलो तेव्हा ती उभ्यानं जेवत होती. मला पाहून बसायला गेली आणि एका मांडीवर अर्धवट टेकली. वहिनीनं ताट आणून ठेवलं आणि थट्टेनं म्हणाली, "जावईबापू, तेलवाल्याची पोरगी आहे हे. बाटली संपत आली, अजून आणा बरं." मी हसलो. मग वहिनी आवाज बारीक करून म्हणाली, "लय फाटलं तिचं. मांगपर्यंत गेलं म्हणे. डॉक्टरनं लय वेळ टाके घातले."

मी तिकडच्या डॉक्टरला दोष देत नाही. बाळ मोठं होतं, कळा एकदम जोरात आल्या, हाताशी होतं तेवढं त्यांनी केलं. टाकेही भरले. निदान सगळे तसं म्हणाले.

पण ती सेलूला परत आल्यावर एकेक गोष्ट मला दिसू लागली. ती बसनं जायचं टाळायला लागली. लग्नाला गेली तर दाराजवळ बसायची, पंगतीत मधे कधीच नाही. घरातून निघताना जेवायची नाही. दिवसातून कितीदा तरी मोरीत जाऊन कपडे धुवायची. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. तिथून ती वाण न घेताच घरी आली आणि आतल्या खोलीत दार लावून बसली. मी दाराबाहेरून विचारलं, "काय झालं?"

आतून तिचा आवाज आला, "हसल्या सगळ्या. वारा सरला माहा. मले कळलंच नाई, अन् थांबवताही येत नाई."

मी म्हणालो, "होते असं. कोणालेही होते."

"तुमाले होते का?"

मी दुकानात गेलो. ती दवाखान्यात जायला तयार नव्हती. त्या जागेबद्दल कुणाशी आता बोलायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मीही आग्रह केला नाही, कारण मी तिच्याबरोबर आत गेलो असतो तर कुणीतरी मागचं विचारलं असतं. माझी लाज जपण्यासाठी ती ते सगळं सोसत राहिली. असं मी कधी तिच्या तोंडावर म्हटलेलं नाही. इथं म्हणतो आहे.

मुलगी शाळेत जायला लागली, मोठी झाली, आणि दोन हजार सालाच्याही पुढं माझ्या बायकोला पुन्हा दिवस गेले. आता मात्र ती स्वतःच म्हणाली, सेवाग्रामला जाऊ. ती पूर्वीची डॉक्टर तिथं नव्हती, बदलून गेली होती. या वेळी वयानं मोठ्या, शांत बाई होत्या. आता नवरे आत बसलेले चालत होते. मीही बसलो.

बाईंनी मागच्या बाळंतपणाचं सगळं विचारलं. माझ्या बायकोनं पहिल्यांदाच, खाली मान घालून, पण काहीही न लपवता सांगितलं. वारा धरता येत नाही, कधी कधी शौचाची घाई झाली की वेळ मिळत नाही, सगळं. बाईंनी तपासलं. म्हणाल्या, धरून ठेवणारा जो स्नायू असतो, तो तेव्हा फाटला, आणि नीट जुळलेला नाही. इतकी वर्षं का थांबलात? व्यायाम होते, उपाय होते. आता या वेळी ऑपरेशननं बाळ काढू आणि मग याच्याकडे पाहू.

मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "पहिल्या वेळी शेवटच्या महिन्यात तेलाची मालिश वगैरे केली होती का? कुणी सांगितलं होतं?"

मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. वजनाचा काटा आता तिथं नव्हता.

"सांगतलं होतं," माझी बायको म्हणाली. "पण घरी तेल नव्हतं."

बाईंनी मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं.

बाहेर आल्यावर आम्ही कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो. औषधं मिळायला वेळ होता. मी म्हणालो, "तेल होतं आपल्या घरी."

"मले मालूम नाई का."

"मंग तसं काऊन म्हणलं?"

"नाई म्हणलं की गोष्ट तिथंच थांबते. होतं म्हणलं असतं तं बाईनं पुढचं विचारलं असतं." तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "तुमी मंग कुठी पाहिलं असतं?"

मी तिला तिथंच बसवून परत आत गेलो. बाई हात धूत होत्या. मी त्यांना सांगितलं की तेल होतं, मीच मालिश केली नाही, आणि तिला माहेरी पाठवून दिलं. मग विचारलं, केली असती तर हे टळलं असतं का? त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "सांगता येत नाही. साधं फाटणं कमी होतं. पण बाळ एवढं मोठं असताना, इतकं खोल फाटणं मालिशनं थांबलंच असतं, असं कुणीच छातीठोक सांगणार नाही. कदाचित फाटलंच असतं."

मी ते वाक्य घेऊन जवळजवळ धावतच बाहेर आलो. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं. मी तिला म्हणालो, "बाई म्हणून राह्यल्या, कदाचित फाटलंच असतं. केलं असतं तरी."

ती पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावत होती. "असन," म्हणाली. "मी कुठी म्हणलं तुमच्यानं फाटलं म्हणून?"

"मंग?"

"मंग काई नाई. नखं कापू देली तुमी. मले वाटलं, झालं, आता करते हा माणूस. अन् उठून गेले."

औषधाच्या खिडकीवर आमचा नंबर पुकारला. ती उठली आणि गेली. मी बसून राहिलो.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, ऑपरेशननं. नंतर तिनं ते व्यायाम मनापासून केले, अजूनही करते. फरक पडला, पण पूर्ण नाही. बाई म्हणाल्या होत्या, आधी आला असतात तर जास्त पडला असता. ते आधीचे दिवस मी घालवले, आणि त्याला कोणतीही डॉक्टर "कदाचित" म्हणणार नाही.

आमचा संसार चांगला चालला आहे, लोक तसं म्हणतात आणि ते खोटंही नाही. ती माझ्याशी हसते, भांडते, दुकानात बसते, माझ्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक सांभाळते. मात्र त्या दुपारनंतर तिनं माझी नखं कधी कापली नाहीत. मी एकदा गमतीनं हात पुढं केला होता. तिनं नेलकटर माझ्या हातात ठेवलं.

आता कुठं लग्नकार्य असलं की पंगतीत ती अजूनही दाराजवळचीच जागा धरते. मी पुरुषांच्या पंगतीत बसत नाही, तिच्या शेजारी बसतो. नातेवाईक चिडवतात. मागे एका लग्नात माझा आतेभाऊ वाढता वाढता म्हणाला, "काऊन रे, बायकोचा पदर सुटत नाई का तुहा?" मी म्हणालो, "नाई सुटत." तो भात वाढून पुढं गेला. तिनं घास तसाच ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिची घाई कळली. तिच्याबरोबरच उठलो, तिच्या मागं मागं दारापर्यंत गेलो आणि ती परत येईपर्यंत बाहेर उभा राहिलो.

आल्यावर ती म्हणाली, "तुमचा भात गार झाला असन."

"होऊ दे," मी म्हणालो.